पिल्लाचं कपाळ

माझ्या भरतकामाला कोणी ‘टाइमपास’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि आमच्या घरात तर हा शब्द रोज वापरला जायचा. दुपारी चारच्या सुमाराला मी खिडकीशी चौकट घेऊन बसले की आमचे हे फोनवर कोणालातरी सांगायचे, “ती ना, बसलीये तिचा टाइमपास घेऊन.” स्वतः मात्र जेवणापासून चहापर्यंत त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा मी सुई रोखून विचारलं, “अहो, तुम्ही हे जे करता त्याला काय म्हणायचं?” तर शांतपणे म्हणाले, “रिटायरमेंट.”

तर ज्या पिल्लाची ही गोष्ट आहे ते आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये जन्मलं. कोपरखैरण्यातली आमची सोसायटी तशी मांजरांवर खार खाऊन असलेली. नोटीस बोर्डावर मांजरांना दूध घालू नये असं लाल अक्षरात लिहिलेलं, आणि त्याच बोर्डाखाली मी रोज वाटी ठेवायचे. पिल्लू करड्या पट्ट्यांचं होतं, पण दोन डोळ्यांच्या मधून कपाळापर्यंत पांढरंशुभ्र. मी फोनवर त्याचे खूप फोटो काढले. महिनाभरात त्याची आई त्याला घेऊन नाल्यापलीकडे गेली. दोघं परत आली नाहीत, म्हणून मी ते भरायला घेतलं.

साडेचार महिने लागले. ज्यांना वाटतं की कापडावर चित्र छापलेलं असतं आणि आपण त्यात रंग भरत जायचा, त्यांना मी एकदा माझ्या शेजारी बसवणार आहे. दोऱ्याची लडी सहा पदरी येते. जिवंत दिसणारे केस भरायचे तर त्यातला एकच पदर काढून घ्यावा लागतो. एक टाका लांब, पुढचा आखूड, त्याच्या पुढचा पुन्हा लांब, आणि दुसऱ्या रंगाची ओळ पहिल्या ओळीच्या टाक्यांमध्ये घुसवायची, म्हणजे एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेला सुई गेली पाहिजे. कानाच्या आत गुलाबी आणि राखाडी, नाकावर एकाला एक चिकटवलेले सरळ टाके, मिशांच्या मुळाशी बारीक बारीक गाठी, आणि बुबुळात सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एकच टाका. तो टाका पडेपर्यंत पिल्लू बाहुलीसारखं दिसत होतं. पडला आणि ते माझ्याकडे बघायला लागलं. खोटं नाही सांगत, मी चौकट खाली ठेवून उठले आणि पाणी प्यायले.

सगळ्यात जास्त वेळ कपाळाने घेतला. लोकांना पांढरा म्हणजे पांढरा वाटतो. त्या बोटभर जागेत मी पाच पांढरे वापरले: दुधाचा, राखेचा, किंचित निळा, किंचित पिवळा आणि एक निव्वळ पांढरा. चेहऱ्यावरचे केस तिथूनच फुटून चारी दिशांना जातात, त्यामुळे तिथे एक टाका वाकडा गेला की अख्खा चेहरा वाकडा होतो. ते कपाळ मी तीनदा उसवलं आणि तीनदा भरलं. आमचे हे त्या सगळ्या दिवसांत माझ्यापासून चार फुटांवर बसले होते. एकदाही वळून बघितलं नाही.

आणि मग वाशीला हातच्या भरतकामाचं प्रदर्शन भरणार असल्याचं समजलं. मी कोणाला न सांगता फोटो पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं की निवड झाली आहे. काम सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत आणून द्यावं, काचेशिवाय, कारण काचेत दोऱ्याची चमक मरते, आणि स्वच्छ, डाग नसलेलं असावं. शेवटी लिहिलं होतं, ‘कलाकृतीखाली आपल्या नावाची पाटी लावली जाईल.’ ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगायला लाज वाटते. आमच्या दारावरच्या पाटीवर यांचं नाव आहे. लाइटबिलावर यांचं, गॅसच्या पुस्तकावर यांचं, लेटरबॉक्सवर यांचं. माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात माझं नाव कुठे भिंतीवर लागणार होतं तर ते पहिल्यांदा त्या पिल्लाखाली.

हे सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना कुठून कळलं देव जाणे. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्याला जोडून ‘आपल्या सख्यांचे हस्तकौशल्य’ म्हणून प्रदर्शन. बाई दारात उभ्या राहिल्या. “काकू, एकच दिवस द्या ना. तुमच्या मांजराशिवाय मजा नाही येणार. टेन्शन नका घेऊ, मी स्वतः लक्ष ठेवीन.” मी नाही म्हणायला हवं होतं. पण कोणीतरी माझ्या दारात येऊन माझं काम मागत होतं. मी पाघळले आणि दिलं.

शनिवारी दुपारी टेबलं मांडली. रंगवलेले माठ, मण्यांची तोरणं, पाटावरच्या रांगोळ्या, काचेतली निसर्गचित्रं, आणि मध्ये स्टँडवर माझं पिल्लू. उद्घाटनाला बोनकोड्याच्या एक आजी आल्या होत्या. आमचा सेक्टर उभा आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती असं सगळे सांगतात. आजी ऐंशीच्या पुढच्या, काठाचं लुगडं, हातात काठी, आणि कपाळ रिकामं, कारण नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सेक्रेटरीबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मोठा मेसेज टाकला होता की यंदा हळदीकुंकवाचा मान एका विधवा मातेला देऊन आपण जुन्या रूढीला छेद देत आहोत. त्याखाली अंगठे आणि टाळ्या पडल्या होत्या. एक अंगठा माझाही होता.

टाळ्यांच्या गजरात आजींच्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं गेलं. कुंकू फ्रेमला नीट चिकटावं म्हणून ताटात पाण्याची छोटी वाटीही होती. सेक्रेटरीबाई आजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. आजींनी मान हलवली आणि टेबलांकडे वळल्या. पाण्यात बोट बुडवून माठाच्या गळ्याला हळदीकुंकू लावलं, तोरणाच्या दांडीला लावलं, पाटाच्या कोपऱ्याला, निसर्गचित्राच्या चौकटीला. फोटो निघत होते. मी मागच्या रांगेत होते आणि मला छान वाटत होतं.

आजी माझ्या पिल्लासमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी बोट बुडवलं आणि पिल्लाच्या बरोब्बर कपाळावर ठेवलं. आधी ओली हळद, वर ओलं कुंकू. माझ्या पाच पांढऱ्यांवर.

“अहो!” मी किंचाळले. आवाज टाळ्यांत बुडाला. “अय्या, किती क्यूट!” सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला. मी माणसं बाजूला सारत पुढे जाईपर्यंत हळद टाक्याटाक्यांतून उतरून खालच्या कापडात गेली होती. मी आजींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. तेवढ्यात सेक्रेटरीबाईंनी आजींच्या हातातून ताट अलगद काढून घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जमलेल्या बायकांना हळदीकुंकू लावायला स्वतः निघाल्या. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा माझा राग मावत नव्हता, पण सवयीने मीही कपाळ पुढे केलं. तिळगूळ आणि वाणाची प्लास्टिकची डबी घेतली. चौकट छातीशी धरून घरी आले.

घरी टिपकागद दाबून बघितला. साबण लावायची सोय नव्हती. हळदीला साबण लागला की ती आणखी लाल होते, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. ह्यांनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. मग त्यांनी साडेचार महिन्यांत पहिल्यांदा पिल्लाकडे बघितलं आणि म्हणाले, “एवढं काय त्यात? शुभच झालं की. उलट बरं दिसतंय.” त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. ह्यांनी ब्रेड खाल्ला आणि कोणालातरी फोनवर सांगितलं की हिचं बिनसलंय.

सोसायटीच्या ग्रुपवर तोपर्यंत फोटो येऊन पडला होता. ‘आपल्या सोसायटीचं शुभंकर माऊ.’ खाली हसरे चेहरे, बदाम, आणि कोणीतरी लिहिलेलं, ‘प्रिंट कुठे मिळाली?’ प्रिंट! मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं, कारण त्यातला एकही शब्द सभ्य माणसाला पाठवण्यासारखा नव्हता.

हिशेब केला. रविवार अख्खा आणि सोमवारची दुपार हातात होती. तेवढ्यात कपाळ उसवून, खालच्या डागावर अस्तरासारखे टाके घालून पुन्हा भरता आलं असतं. डोळे दुखले असते, पण जमलं असतं. म्हणजे नाव भिंतीवर लागलं असतं. पण उसवण्याआधी ज्या आजींनी हे केलं त्यांना त्यांचा पराक्रम दाखवल्याशिवाय मी राहणार नव्हते. ऐंशी वर्षांचं माणूस, कुठे काय लावावं एवढं समजू नये? फ्रेम सोडून नेमकं कपाळ दिसावं? रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली. सकाळी चौकट पिशवीत घातली आणि बोनकोड्याला चालत गेले. दहा मिनिटांचा तर रस्ता.

आजींचं घर म्हणजे आता चार मजली इमारत आहे, खाली दुकानं, वर भाडेकरू. आजी जिन्याशेजारच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मी नमस्कार केला नाही.

“आजी, मी काल सोसायटीत होते. ते मांजराचं पिल्लू मी केलंय.”

“तू केलंस?” त्या सरकल्या आणि ओट्यावर जागा केली. “ये बाय, बस. हातानं केलंस?”

मी बसले नाही. पिशवीतून चौकट काढून त्यांच्यासमोर धरली. “हे बघा काय झालंय. साडेचार महिने लागले मला. उद्या हे द्यायचंय. तुम्ही सगळ्यांच्या फ्रेमला लावलंत, मग माझ्याच पिल्लाच्या तोंडावर का लावलंत?”

त्यांनी डाग बघितला. नुसती बोटं पुढे केली आणि पुन्हा मागे घेतली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “ती बाय बोलली ना कानात. आजी, बायकांना लावू नका, कोनाला बरा नाय वाटायचा. आपन नुसता वस्तूंना लावायचा. मी बोलली, बरा. माठाला लावला, तोरनाला लावला. मंग यो दिसला. माज्याकडं बघत व्हता. कपाल व्हता ना त्याला.” मग स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाल्या, “हात गेला.”

मी चौकट खाली घेतली.

“मालक गेला तवापासना कोनाच्या कपालाला हात नाय लावला मी. नातसून आली घरात, तिला पन नाय. ताट हातात दिला तवा मना वाटला, आता चालतंय वाटतं.” त्या हसल्या. “चुकला माजा. धुतल्यावर जाईल काय गं?”

रात्रभर जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. माझा राग कमी झाला नाही, उलट असा भडकला की डोळ्यांत पाणी आलं, पण आता तो कोणावर काढायचा ते कळेना. विधवा मातेला मान! रूढीला छेद! म्हाताऱ्या बाईच्या हातात ताट द्यायचं, फोटो काढायचा, आणि कानात सांगायचं की माणसांना शिवू नका, माठांना लावा. आणि त्या माठांच्या रांगेत त्यांना एक कपाळ सापडलं, तर मी ते घेऊन भांडायला त्यांच्या दारात आले होते. काल ताट त्यांच्या हातातून निघून सेक्रेटरीबाईंच्या हातात गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. का गेलं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण माझं सगळं लक्ष पाच पांढऱ्यांत होतं.

मी ओट्यावर बसले. आतून त्यांची सून चहा घेऊन आली. दाराशी देव्हारा दिसत होता, त्यासमोर कुंकवाची कोयरी होती. मी सुनेकडे ती मागितली आणि झाकण काढून आजींसमोर धरली.

“आजी, मला लावा.”

सून जागच्या जागी थांबली. आजींनी कोयरीकडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

“तुजा मालक हाय ना घरी?”

“आहे.”

“मंग नको बाय.” त्यांनी कोयरी माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि सुनेकडे दिली. “चा पी. थंड होतंय.”

मी चहा प्यायले. परत येताना सेक्टरच्या कोपऱ्यावरूनच सेक्रेटरीबाईंना फोन लावला आणि रस्त्यात उभी राहून भांडले. “काकू, तसं नाही हो,” त्या म्हणाल्या. “आपण तरी बोलावलं त्यांना. बाकीच्या सोसायट्यांत बघा. पण नव्या सुना असतात, त्यांच्या सासवा असतात, कोणाच्या मनात काय येईल सांगता येतं का? सगळ्यांचाच विचार करावा लागतो ना.” मी त्यांना दांभिक म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं, आणि भाजीवाला बघायला लागला म्हणून फोन बंद केला. आवाज माझा जरा जास्तच चढला होता.

कपाळ मी उसवलं नाही. कात्री हातात घेतली होती, पहिल्या टाक्याखाली तिचं टोकही घातलं होतं. पण तिथे त्या बोटाचा गोल अगदी नीट उमटला होता, खाली हळद, वर कुंकू, जरासुद्धा न फिसकटता. ते काढलं असतं तर मीही त्यांना तेच सांगितलं असतं जे कानात सांगितलं गेलं होतं. सोमवारी साडेचारला मी वाशीला पोचले. काउंटरवरच्या मुलीने चौकट उजेडात धरली, “वा,” म्हणाली आणि मग कपाळ बघितलं.

“मॅडम, इथे डाग आहे.”

“तो डाग नाही,” मी म्हटलं.

तिने वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्या गोड बोलल्या, खूप वेळ बोलल्या आणि घेऊ शकत नाही म्हणाल्या. नियम सगळ्यांना सारखे. नावाची पाटी तयार होती, टेबलावरच्या ढिगात मला दिसली. ती तरी द्याल का, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

पिल्लू आता आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की हे सांगतात, “हिने केलंय, पण तेवढा डाग पडला बघा.” मग मी स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि सगळी गोष्ट सांगते. आजी, ताट, कानातलं बोलणं, ग्रुपवरचा मेसेज, काहीही वगळत नाही. ऐकणारे चुकचुकतात, सेक्रेटरीबाईंना नावं ठेवतात, आणि मी मोठ्या तोंडाने सांगते की मी आजींसमोर कपाळ धरलं, पण त्यांनीच लावलं नाही. लोकांना माझं कौतुक वाटतं. एक गोष्ट मात्र मी अजून कोणाला सांगितलेली नाही. आजी “मंग नको बाय” म्हणाल्या आणि त्यांनी कोयरीचं झाकण लावलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.